काशीची डावी मांडी

पिन टोचली तरी काशी हलली नाही. मी पुन्हा टोचली. डाव्या मांडीच्या बाहेरच्या बाजूला, तळहाताहून मोठ्या भागात तिला काहीच कळत नव्हतं. आणि त्याच जागी आग होते, असंही ती सांगत होती.

१९५०च्या दशकातली गोष्ट. टेंभुर्णीच्या दवाखान्यात मी नवा डॉक्टर होतो. अकरा वर्षांच्या काशीला आईनं जवळच्या खेड्यातून बैलगाडीत घालून आणलं होतं.

"महारोग हाय म्हणून राह्यले समदे," आई हळूच म्हणाली. "मास्तरनं शाळंतून काढलं. महिना झाला, गोठ्यात झोपती पोरगी."

बधिर कातडी म्हणजे महारोग, असंच तेव्हा धरत. त्या दिवशी माझे वरिष्ठ तपासणीला आले होते. ते दारातूनच म्हणाले, "कुष्ठाश्रमाचा कागद कर."

"सर, चट्टा नाही. कातडीचा रंगही बदललेला नाही. कोपरामागची नसही जाड लागत नाही." महारोगात ती बऱ्याचदा दोरीसारखी हाताला लागते.

"मग काय आहे?"

"माहीत नाही, सर."

"महिन्यानं येतो. तोवर सांग, नाहीतर सही कर."

मी मायलेकींना दुपारपर्यंत बसवून ठेवलं. पुस्तक चाळलं. पुन्हा कापूस फिरवून पाहिला. गुडघ्यावर हातोडी मारली, पाय नीट उडाला. काही सुचेना, म्हणून विचारलं, "आग कधी कमी असते गं?"

"गोठ्यात आले तव्हापासून कमी हाय."

"तिथं काय बदललं?"

उत्तर आईनं दिलं. "काई न्हाई. धाकलीला हिच्याजवळ देत न्हाई, एवढंच. आधी दिवसभर, शाळंतबी, हीच घेऊन फिरायची. मी शेतात जाते ना."

"कोणत्या कडेवर?"

काशीनं डाव्या कमरेवर हात ठेवला.

परकराची नाडी सैल करायला लावली. खाली खोल वळ होता. परकर दोन वर्षांपूर्वीचा. कमरेच्या पुढच्या हाडाजवळून एक बारीक नस मांडीत उतरते. ती फक्त स्पर्श कळवते, पाय हलवत नाही. तिथं बोट दाबताच काशी ओरडली, "मुंग्या गेल्या खालपोत्तर!"

घट्ट नाडी आणि तिच्यावर दीड वर्षाचं मूल. नस चेंगरली होती.

"परकर बंडीला शिवा, नाडी नको. धाकटीला हिच्या कडेवर देऊ नका."

"अन् बरं न्हाई झालं तर, डाक्टरसाहेब?"

"दर आठवड्याला दाखवायला आणा," मी म्हणालो. लहान मुलांत असं मी कधी पाहिलं नव्हतं. चुकत असलो, तर महारोगाची पोर मी धाकटीच्या घरात परत धाडत होतो.

बधिर भाग गुडघ्याच्या किती बोटं वर सुरू होतो, ते दर आठवड्याला वहीत लिहायचं ठरवलं. पहिल्या आठवड्यात तीन. काहीच फरक नाही. दुसऱ्या आठवड्यात त्या आल्याच नाहीत. दोन दिवस वाट पाहिली. कामात लक्ष लागेना. शेवटी सायकल काढून त्यांचं खेडं गाठलं. काशीला गोठ्याच्या दारात बसवून मोजलं. पाच; बधिर भागाची कड दोन बोटं वर सरकली होती. विश्वास बसेना, म्हणून तीनदा मोजलं.

महिन्यानं वरिष्ठ आले तेव्हा लिंबाएवढी जागा उरली होती. त्यांनी इतरत्र स्वतः पिन टोचली.

"आई गं!"

"सर्टिफिकेट दे हिला," एवढंच ते म्हणाले.

ते घेऊन मी शाळेत गेलो. मास्तरांनी शिक्का दोनदा पाहिला, काशीला वर्गात घेतलं आणि खिडकीशी एकटीला बसवलं. वर्षभर ती तिथंच बसली. त्यावर माझ्याकडे औषध नव्हतं.

तेव्हापासून कुठलंही मूल आलं, की काय दुखतं याच्या आधी ते दिवसभर काय उचलतं, हे मी विचारतो.