नकाशात नसलेला उंबरा

आमच्या कर्जतमध्ये एखादं काम सरळ चाललं की मी सावध होते. कोणीतरी त्यात आपलं शहाणपण घालणारच!

आळीतल्या नव्या सभागृहाचा नकाशा मी काढला होता. पायऱ्यांशेजारी व्हीलचेअरसाठी उतार हवा, म्हणून बैठकीत घसा कोरडा पडेपर्यंत भांडले. "एवढी जागा खाणार? खुर्चीतून येणारंय कोण?" लोक म्हणाले. मी म्हटलं, माझी आई येणारे.

अपघातात आईचे पाय गेले त्याला तीन वर्षं झाली. हात मात्र भातलावणी केलेले, दणकट. खुर्ची तीच चालवते. तिला एकाच गोष्टीचा तिटकारा. कोणी उचललं की संतापते. "भाताचं पोतं हाय का मी?"

उद्घाटनाला ती एकटी उतार चढली. मी अभिमानाने मागे उभी. दारात पुढची चाकं अडली. चांगला चार बोटं उंच उंबरा! वर हळदकुंकू, झेंडूची फुलं.

मी गवंडीमामांना गाठलं. "हा नकाशात कुठे होता?"

"नव्हता, म्हणून तर घातला, ताई. वाटलं, तुमी विसरल्या. बिनउंबऱ्याचं दार असतं का कुठं? लक्ष्मी ठरंल का आत?"

"अहो, सभागृह आहे हे! लक्ष्मी काय मीटिंगला येणारे?"

फोडा म्हटलं, तर देव्हारा फोडायला सांगितल्यासारखे सगळे माझ्याकडे बघायला लागले. पूजा झालेली ना! तेवढ्यात चौघे पुढे सरसावले. "काकू, उचलतो की! हाय काय अन् नाय काय!"

"हात लावायचा नाय," आई म्हणाली. खुर्ची वळवून खाली उतरली.

घरापर्यंत माझं तोंड थांबलं नाही. गवंड्याला नकाशा वाचता येत नाही, लोकांना अक्कल नाही, या गावाचं काही होणं नाही. बोलता बोलताच आमच्या घराच्या दारात मी तिची खुर्ची मागे कलती केली, पुढची चाकं उंबऱ्यावर चढवली आणि मागून रेटा दिला.

"त्यांचं राहू दे गं," आई म्हणाली. "ह्यो कधी काढतेस?"

माझीच मला लाज वाटली. दर दिवाळीला मी त्या उंबऱ्यावर लक्ष्मीची पावलं काढते. आणि तीन वर्षं मी कामावरून परत येईपर्यंत आई त्याच्या आत बसून असते.