थर्माकोलचा रॅम्प आणि आमची बिल्डिंग

बोळिंजच्या आमच्या सोसायटीत एका जुलैत सकाळीच गेटमधून पाणी आत शिरलं आणि मी धावत बाहेर आले. घराची काळजी नव्हती हो... रॅम्पची होती!

दोन हजार सालानंतरची गोष्ट. माझे सासरे, आप्पा, अर्धांगवायूनंतर व्हीलचेअरवर होते. त्यांच्यासाठी पायऱ्यांशेजारी रॅम्प केला, पण इथली जमीन म्हणजे जुन्या भातखाचरांचा चिखल. रॅम्प खचला की आम्ही वर आणखी डेब्रिज, म्हणजे विटा-सिमेंटचा राडारोडा, टाकायचो, आणि त्या ओझ्याने तो आणखी खचायचा. आप्पा महिनोन्महिने घरात अडकून... बघवत नव्हतं.

मी सिव्हिल इंजिनिअरिंगवाली, शेवटी हट्टालाच पेटले. ओझंच कमी करायचं! गणपती झाल्यावर घरोघरच्या मखरांचं थर्माकोल गच्चीत पडून होतं. ते कुस्करून सिमेंटमध्ये कालवलं, जुना राडारोडा उपसून त्याजागी हाच हलका भराव घातला आणि वर काँक्रीटचा पातळ थर दिला.

आमचे चेअरमन सावंतकाका म्हणाले, "वहिनी, रॅम्प करताय की पुढच्या वर्षीचं मखर?" सगळे खो खो हसले. पण रॅम्प खचला नाही, आणि आप्पा रोज संध्याकाळी गेटपाशी गप्पा मारायला जायला लागले.

आणि आता हे पाणी! थर्माकोलच ते, तरंगून वर उचललं गेलं तर? कागदावर हिशोब बरोबर होता, पण जिवाला चैन कुठली... सारखी आत-बाहेर, आत-बाहेर. आप्पा पुन्हा अडकले तर, एवढंच डोक्यात. शेवटी सावंतकाकांना सांगून टाकलं.

या वेळी ते हसले नाहीत. जिन्यातून त्यांनी हाक दिली आणि लोक जड जड सामान घेऊन खाली आले. पाटे-वरवंटे, तुळशीची कुंडी, कुणाचं बंद पडलेलं वॉशिंग मशीन... सगळं रॅम्पवर! तळमजल्यावरच्या फिलोमिना आंटी तर छत्री घेऊन स्वतःच मधोमध उभ्या राहिल्या. "मी नाय हलायची. बगू पानी काय करतंय ते!"

तेवढ्यात दारातून आप्पांचा आवाज आला. अडखळत, पण ठाम.

"मलाही न्या की. माझंही वजन आहे."

मी लगेच त्यांच्या मागे गेले. व्हीलचेअर रॅम्पच्या वरच्या टोकाला नेली, ब्रेक लावला, हातात छत्री दिली.

दुपारी पाणी ओसरलं. रॅम्प केसभरही हलला नव्हता... कदाचित मुळातच हलणार नव्हता, देव जाणे. सगळे आपापलं सामान घेऊन घरी गेले, पण आप्पा काही केल्या आत यायला तयार होईनात. "अजून आभाळ भरलंय," म्हणाले, "मी थांबतो." त्या दिवशी आप्पांना आपल्यात धरणाऱ्या त्या सगळ्या माणसांचे मनापासून आभार.