बाटलीमावशींचा उलटा बाण

कॉलेजच्या रसायनशाळेत सव्वीस वर्षं परीक्षानळ्या धुणाऱ्या बाईंना मुलं बाटलीमावशी म्हणत. कपाटातल्या कोणत्या बाटलीत काय आहे, हे त्या चिठ्ठी न वाचता सांगत. पण सहायकाची जागा मिळवायची तर तोंडी परीक्षा द्यायला हवी होती, आणि वयाच्या अटीमुळे ही शेवटचीच संधी होती. विषय सेंद्रिय रसायन. महिनाभर मावशींना धड जेवण जात नव्हतं.

त्यांची भाची त्याच विषयात शिकलेली. संध्याकाळी ती स्वयंपाकघरात वही मांडून शिकवी. बाकी सगळं जमे, बाण मात्र जमत नसे. अभिक्रियेत इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते वाकड्या बाणाने दाखवायचं. मावशींचा बाण हटकून उलटा.

"अगं आत्या, हायड्रॉक्साइडपासून कार्बनकडे! तू कार्बनपासून का काढतेस?"

"कार्बनवर थोडा धनभार आहे, तूच म्हणालीस. मग ज्याच्याकडे धन, तोच देणार ना? ऋणवाला बापडा कुठून देईल?"

भाचीने कपाळावर हात मारला. "इलेक्ट्रॉन स्वतःच ऋण असतात गं. ज्याच्याकडे ते जास्त, तो ऋण. इथे ऋणवालाच दाता."

"उफराटाच कारभार!" असं म्हणून मावशींनी मान डोलावली, आणि पुढचा बाण पुन्हा उलटा काढला.

परीक्षेच्या खोलीत डोक्यावर पंखा असूनही त्यांना दरदरून घाम फुटला. परीक्षकांनी फळ्याकडे बोट दाखवलं. "ब्रोमोमिथेन आणि हायड्रॉक्साइड. बाण काढा."

खडू कार्बनवर टेकला आणि मावशींना भाचीने कपाळावर मारलेला हात आठवला. तो ठिपका बोटाने पुसून त्यांनी हायड्रॉक्साइडपासून बाण काढला.

"का पुसलंत?"

"'धन' शब्दाने फसले, सर. देणारा हा आहे."

परीक्षक हसले नाहीत. "झालं?"

झालेलं नाही, हे आवाजावरूनच कळलं. पण राहिलं काय? पाठ केलेलं सगळं डोक्यातून उडालं होतं. मावशी नुसत्या कार्बनकडे बघत राहिल्या. तीन हायड्रोजन, एक ब्रोमिन; आणि त्यात हा नवा पाहुणा.

"कार्बनला चारच बंध झेपतात, सर," त्या चाचरत म्हणाल्या. "पाचवा आला तर एकाला निघावंच लागणार." आणि त्यांनी बंधापासून ब्रोमिनकडे दुसरा बाण काढला. भाचीने हे दहादा सांगितलं होतं. कळलं मात्र आत्ता.

"या तुम्ही."

'या' म्हणजे पास की नापास, ह्याचा विचार करकरून मावशींचा जीव अर्धा झाला. चार वाजता कारकुनाने यादी लावली, तेव्हा चष्मा विसरल्याचं सांगून त्यांनी भाचीला पुढे ढकललं. चष्मा नाकावरच होता.

"सात नावं आहेत. शेवटचं तुझं."

"म्हणजे सगळ्यांत वाईट?"

"म्हणजे आहेस गं, आत्या!"

तरीही मावशींनी स्वतः जाऊन नाव दोनदा वाचलं. न जाणो, त्याच नावाची दुसरी कुणी असायची.