शेखमामांचा शेरा

कॉम्प्युटरवर एन्टर दाबण्याआधी शेखमामा चष्मा काढून पुसायचे, परत घालायचे आणि मला विचारायचे, "एकदा दाबलं की परत नाय येत ना, बेटा?" एका नोंदीला पाच-पाच मिनिटं! पोलीस ठाण्यांची जुनी रजिस्टरं कॉम्प्युटरवर आणणाऱ्या कंपनीत मी होते आणि पिंपळगावकडचं ते ठाणं मला महिन्याभरात उरकायचं होतं. मी शेजारी दातओठ खात बसायचे.

शेख हवालदारांना सगळं ठाणं मामाच म्हणे. हरवलेल्या माणसांचं रजिस्टर वर्षानुवर्षं त्यांच्याकडे. जुनी नोंद भरण्याआधी ते त्या घरी फोन लावायचे, आणि कितीतरी माणसं केव्हाच परत आलेली निघायची. "अहो, मग कळवायचं नाय का?" मामा ओरडायचे. पलीकडून शांतपणे उत्तर यायचं, "आला की तो दिवाळीलाच. त्यात पोलिसांना काय सांगायचं?" मामा खो खो हसायचे.

अशातच एक नोंद अडली. कळवणकडची एक मुलगी द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये कामाला आली होती. घरच्यांनी ठरवलेलं लग्न नको म्हणून ती तिथूनच निघून गेली. बापानं तक्रार दिली, पाच वर्षं पत्ता नाही. आता तिनं नोकरीसाठी पोलिसांचा दाखला मागितला आणि आमच्या नव्या सिस्टिमनं तिला झटक्यात ओळखलं. एकलहऱ्याला राहत होती. मी तर हरखूनच गेले. मामा तिला भेटून आले ते गंभीर होऊन. "सुखरूप हाय म्हणून घरी सांगा म्हणते. पण कुठं हाय ते सांगू नका. भाऊ जिवंत ठेवणार नाय म्हणते. मी शब्द दिलाय."

इथेच गोची होती. नोंद बंद करायची तर पत्ता भरणं सक्तीचं, आणि एन्टर दाबताच तो पत्ता आपोआप बापाच्या मोबाइलवर जाणार. जुन्या रजिस्टरात शेऱ्याचा रकाना होता. तिथे मामा अशा वेळी लिहायचे, 'समक्ष भेटलो. सुखरूप. पत्ता कळवू नये असे म्हणते.' नव्या फॉर्ममध्ये शेराच नव्हता. तो मीच काढून टाकला होता. लोक त्यात काय वाट्टेल ते लिहितात, म्हणून.

"मामा, कुठलाही पत्ता टाका ना," मी म्हटलं.

"बोललेलं खोटं वाऱ्यावर जातं, बेटा. लिहिलेलं कपाटात बसतं."

मामांनी एन्टर दाबलं नाही. त्या एका नोंदीपायी ठाणं जिल्ह्याच्या यादीत तळाला गेलं. साहेबांनी त्यांना सगळ्यांसमोर झापलं. "एक बटण दाबायला काय धाड भरलीय तुम्हाला?" मामा एवढंच म्हणाले, "पोरीला शब्द दिलाय, साहेब." निवृत्तीला दोन महिने राहिलेले, आणि उभ्या नोकरीतला पहिला मेमो हातात पडला. मला माझीच लाज वाटली. मी पुण्याच्या मॅनेजरशी फोनवर कडाकडा भांडले आणि शेऱ्याचा रकाना परत घातला. त्याच्या शेजारी एक चौकोन, 'पत्ता कळवू नये'. सगळं मिळून एका दुपारचं काम होतं हो!

मामांनी शेरा लिहून एन्टर दाबलं. 'सुखरूप' एवढाच निरोप गेला तसा दुसऱ्या दिवशी बाप हजर. "माझी पोरगी हाय ती! पत्ता द्या!" म्हणून त्यानं टेबलावर हात आपटले. मामांनी त्याला बसवलं, चहा पाजला, पत्ता काही दिला नाही. कप ठेवून तो खाली बघत म्हणाला, "पोरबाळ तरी हाय का तिला?"

"तिला विचारून येतो," मामा म्हणाले. भर उन्हात स्कूटर काढून ते एकलहऱ्याला गेले. बाप बाकावर बसून राहिला. चार वाजता मामा आले आणि त्याच्या शेजारी बसले. "नको सांगू म्हणाली, बाबा."

"पण तुम्ही विचारलं ना?"

"विचारलं."

त्यानं हात जोडले आणि तो एसटी स्टँडकडे चालू लागला. मी हळूच म्हटलं, "मामा, मला तरी सांगा. आहे का हो तिला मूल?"

"तुला पण नाय सांगणार, बेटा."

मामा गेल्या वर्षी गेले. मला अजूनही माहीत नाही.