लोटूआप्पाची सात हत्यारं

सत्तावन्न वर्षांचा माणूस ओट्यावर पालथा पडून खेळण्यातल्या मोटारीच्या पोटात डोकावत असेल, तर सुरतेजवळच्या भेस्तानच्या गल्लीत त्याला काय काय ऐकावं लागतं याची कल्पना ज्याची त्याने करावी. लोटूआप्पा ऐकायचा. म्हणजे अर्धंच. एकतीस वर्षं कापडाच्या लूमच्या खटखटाटात काढल्यामुळे त्याचा डावा कान कामातून गेला होता, आणि थट्टेची वेळ आली की तो नेमका तोच कान पुढे करायचा.

त्याची बायको सरलाबाई मात्र मुद्दाम उजव्या बाजूला येऊन बोलायची.

"तुमनं डोकं ठिकानावर शे का? नातूनी खेळाले पाहिजे, नि आठे आजा खेळी राह्यना. लोके काय म्हनतीन?"

"लोके म्हनतीन, लोटूनी गाडी चांगली पळस," असं म्हणून तो पुन्हा गाडीच्या पोटात शिरायचा.

गाडी हातभर लांबीची. चार जाड चाकं, आत बॅटरी, आणि हातातल्या रिमोटवर धूळ उडवत पळणारी. शेजारचे धुडकूभाऊ मिलमधून निवृत्त झालेले, मनाने चांगले. ते गल्लीत सगळ्यांना समजावून सांगायचे की बिचाऱ्याने लहानपणी खेळणं पाहिलं नाही, म्हणून आता हौस भागवतो. थट्टा करणाऱ्यांवर लोटूआप्पा कधी चिडला नाही, पण या 'बिचाऱ्या'ने त्याच्या तळपायाची आग मस्तकात जायची. एकदा तो सरळ धुडकूभाऊंच्या दारात जाऊन उभा राहिला. "भाऊ, अमळनेरकडे आमच्या गावात मी चिखलाचे बैल केले, चाकाचे गाडे केले, पोट भरून खेळलो. मन्ह काही ऱ्हाई गयं नही. मले आवडस म्हनून करस. कीव करू नका," एवढं बोलून तो परत आला आणि राहिलेला चहा प्यायला.

खरं कारण खरोखरच एवढंच होतं. दोन वर्षांपूर्वी तो चलथाणला साडूकडे निघाला होता. साखर कारखान्याच्या अलीकडे उसाच्या दोन शेतांमध्ये एका मोकळ्या जागेत त्याला या गाड्या पळताना दिसल्या. गोपालभाई नावाच्या माणसाने तिथे मातीचा ट्रॅक केला होता, आणि सुरतेतले हौशी लोक रविवारी आपापल्या गाड्या घेऊन यायचे. लोटूआप्पा कुंपणाशी दोन तास उभा राहिला. साडूकडचं जेवण निवलं. महिन्याभरात शनिवारी बाजारातून त्याने एक जुनी, लंगडी गाडी उचलून आणली.

आता खरं तर त्याच्यासारख्या माणसाला गाडी दुरुस्त करणं म्हणजे डाव्या हातचा मळ. उधन्याच्या लूमच्या खात्यात, म्हणजे कारखान्यात, तो फिटर. मशीनवर नुसता तळवा ठेवला की कुठलं बेअरिंग आजारी आहे हे त्याला कळायचं. त्याच गुर्मीत तो पहिल्या रविवारी ट्रॅकवर गेला आणि तिथेच त्याची फजिती झाली.

लूमच्या माणसाचा हात सकाळी सर्वांत आधी तेलाच्या कुपीकडे जातो. दात्याला तेल, कण्याला तेल, जे जे हलतं त्याला तेल. तेल चुकलं की शिवी ऐकायला मिळते. लोटूआप्पाने गाडीच्या उघड्या दात्यांना असंच प्रेमाने तेल पाजलं. चलथाणची काळी माती त्या तेलाला जी चिकटली, ती घासकागदासारखी होऊन तिसऱ्याच फेरीत प्लॅस्टिकचे दाते चाटून गेली. गाडी जागच्या जागी किंचाळत राहिली. केयूर नावाचा एक तरुण कापड व्यापारी तिथे सगळ्यांत महागड्या गाडीचा मालक म्हणून ओळखला जायचा. तो पोट धरून हसला. "काका, ये लूम नहीं है!"

हत्यारांचीही तीच गत. खात्यातले पाने कोपरापर्यंत लांब. एक मोठी एलन की, म्हणजे षटकोनी टोकाची वाकडी किल्ली, दगडावर घासून त्याने बारीक केली होती, ती स्क्रूच्या डोक्यात फिरली आणि डोकं गुळगुळीत करून बसली. दुसरा स्क्रू त्याने लूमच्या सवयीने कचकचून आवळला. लूम हादरते, तिथे सैल ठेवून चालत नाही. पण इथे स्क्रू प्लॅस्टिकमध्ये जात होता, आणि चाकाचा दांडा उभा चिरला. लोटूआप्पा तुकडे पिशवीत भरून घरी आला. त्या दिवशी त्याने उजवा कानही कुणापुढे केला नाही.

पण हार मानेल तो लोटूआप्पा कसला. त्याने सगळी गाडी वर्तमानपत्रावर उघडली, एकेका मापाचा एकेक स्क्रू रुमालाच्या गाठीत बांधला आणि उधना रोडवरचं हत्यारांचं दुकान गाठलं.

दुकानदाराने लगेच चाळीस नगांची पेटी उघडली. सोनेरी टोकं, मखमलीचे खाचे. लोटूआप्पाने तिला हातसुद्धा लावला नाही. त्याने रुमाल सोडला. एकेका पेचकसाचं टोक स्क्रूच्या डोक्यात बसवून तो स्क्रू खाली लोंबकळत ठेवायचा. पडला तर पेचकस बाजूला. टिकला तर बोटाने हलकेच हलवून पाहायचा. जराशी जरी डुगडुग लागली तरी बाजूला. नऊ नग नापास झाले. दुकानदार उसासे टाकत होता.

शेवटी दीड, दोन आणि अडीच एमएमचे तीन पेचकस निघाले, सरळ आणि आखूड मुठीचे. दुकानदार म्हणाला, वाकडी एलन की घ्या, जोर जास्त देता येतो. लोटूआप्पा म्हणाला, "म्हणूनच नको." त्याला आपला हात ठाऊक होता. एकतीस वर्षं आवळून आवळून आडदांड झालेल्या हाताला जोर देणारं हत्यार नको होतं, आवरणारं हवं होतं. आखूड मूठ अंगठा आणि दोन बोटांतच धरता येते. स्क्रू जिथे थांबतो, तिथे बोटं आपोआप थांबतात.

मग चाकाच्या नटाचा एक पाना, बारीक चोचीची एक पकड, रंगाचा एक कोरडा ब्रश. सातवं हत्यार घरचंच निघालं, कारागिरांची धागा कापायची छोटी कातर. त्याशिवाय धातूत धातू जाणाऱ्या स्क्रूंना हादऱ्याने सैल होऊ न देणाऱ्या निळ्या डिंकाची बाटली. प्लॅस्टिकमधल्या स्क्रूला त्याचा थेंबही लावायचा नाही, हे त्याने स्वतःलाच दोनदा बजावलं. तेलाची कुपी त्याने पिशवीतून काढली आणि मोरीच्या फळीवर ठेवून दिली.

"खेळण्यासाठी एवढी पारख?" पुडी बांधताना दुकानदाराने विचारलं. "नातवाचं का?"

"माझं," लोटूआप्पा म्हणाला.

त्यानंतर त्याची गाडी अशी चालायला लागली की ट्रॅकवर माना वळल्या. दोन दात्यांमध्ये किती फट ठेवायची यासाठी बाकीचे कागदाची पट्टी घालत; हा खात्यातल्या कोऱ्या कापडाची चिंधी घालायचा, मोटर आवळायचा आणि चिंधी ओढून काढायचा. बरोबर तेवढी फट. मातीतून आलेली गाडी तो आधी ब्रशने झाडायचा, मग पकडीने चाकात गुंतलेलं गवत उपटायचा. हसणारा केयूरच एके दिवशी गाडी घेऊन आला. "काका, आ जरा जोई आपो ने." लोटूआप्पाने पाहून दिली. फुकट, आणि आनंदाने. मग दुसरा आला, मग तिसरा. गोपालभाईने पत्र्याखाली एक टेबल दिलं. रविवारी लोटूआप्पा आला रे आला, की टेबलावर गाड्यांची रांग लागायची.

तीन महिने असे गेले. एका रविवारी घरी आल्यावर सरलाबाईने पिशवीतून बॅटरी काढली. चार्जिंगला लावायचं काम तिने कुरकुरत का होईना, आपल्याकडे घेतलं होतं. लावल्याबरोबर हिरवा दिवा लागला.

"हाई ते भरेलच शे," ती म्हणाली. "आजबी गाडी चालाडीच नही का?"

लोटूआप्पाने मनातल्या मनात मोजलं. आज नाही, मागच्या रविवारीही नाही, त्याच्या मागच्याही नाही. त्याला स्वतःचाच संताप आला. आठवड्याचे सहा दिवस सेठची मशीनं, आणि सातव्या दिवशी केयूरभाईची! मग आपण तिथे जातो तरी कशाला?

दिवाळीनंतर गोपालभाईने शर्यत जाहीर केली. फॉर्म भरताना त्याने न विचारताच लोटूआप्पाचं नाव 'मेकॅनिक'च्या रकान्यात लिहिलं आणि पुढे विचारलं, "ड्रायव्हर में किसका लिखूँ, काका?"

"मेरा."

गोपालभाईला वाटलं, काका चेष्टा करतायत. लोटूआप्पाने पेन त्याच्या हातातून काढून घेतलं आणि ड्रायव्हरच्या रकान्यात स्वतः मराठीत लिहिलं, लोटू चिंधा पाटील.

शर्यतीच्या दिवशी सरलाबाईही आली. चलथाणला बहिणीकडे जायचंच आहे, असं तिने गल्लीत सांगितलं होतं. डबा मांडीवर घेऊन ती पत्र्याखाली बसली आणि त्या गोऱ्यागोमट्या, गॉगलवाल्या लोकांत आपला नवरा कुठे उभा राहतो ते बघत राहिली.

पहिली फेरी सुरू व्हायला दहा मिनिटं होती. लोटूआप्पा शेवटचा स्क्रू चाचपून पाहत असताना केयूर धावत आला. त्याच्या गाडीचं पुढचं चाक लटपटत होतं. कुणीतरी सोनेरी टोकाच्या पेचकसाने स्क्रूचं डोकं कुरतडून ठेवलेलं. मागोमाग गोपालभाई आला.

"काका, पहले केयूरभाई की गाड़ी देख लो. आपकी बारी बाद में डाल देंगे."

"बाद में कब?"

"अरे, देखते हैं ना. स्पॉन्सर हैं वो अपने. आप ये कर दो, ये टेबल हमेशा के लिए आपका. बोर्ड लगवा दूँगा, लोटूकाका का वर्कशॉप."

केयूरने गाडी टेबलावर ठेवलीसुद्धा, लोटूआप्पाच्या गाडीला कोपराने बाजूला सारून. लोटूआप्पाचा हात दोन एमएमच्या पेचकसाकडे गेला. सवयच ती. सेठ म्हणाला की हात जायचाच. सरलाबाईला तो वाकलेला पाठीचा कणा ओळखीचा होता. खात्याच्या दारात तिने तो कितीदा पाहिला होता. तिला काय झालं कोण जाणे, ती बसल्या जागेवरून मोठ्याने ओरडली. लूमवाल्याची बायको ओरडते तेवढ्या मोठ्याने.

"ओ! तुमनी गाडी कोन चालाडी?"

सगळं पटांगण वळून पाहायला लागलं. लोटूआप्पाने पेचकस उचलला होता. तो त्याने केयूरच्या हातात दिला.

"ये लो दो नंबर का. घिसा हुआ स्क्रू पकड़ से पकड़ो, धीरे घुमाओ. नया इसमें से लो." त्याने स्क्रूंची डबी पुढे केली. "औजार मेरा ले लो, केयूरभाई. हाथ आज खाली नहीं है."

केयूर पेचकस धरून उभाच राहिला. त्याने आजवर स्वतःच्या गाडीचा एकही स्क्रू फिरवला नव्हता. उजवीकडे फिरवायचा की डावीकडे, हेही त्याला सुचेना. गोपालभाईचा चेहरा उतरला. "काका, ये ठीक नहीं किया."

"हां," लोटूआप्पा म्हणाला, आणि आपली गाडी रेषेवर नेऊन ठेवून शिडीने ड्रायव्हरांच्या मचाणावर चढला. उसाच्या शेतापर्यंतचा सगळा ट्रॅक वरून दिसत होता. एका बाजूला कॉलेजातली पोरं, दुसऱ्या बाजूला एक दाताचा डॉक्टर. त्यांच्यामध्ये रिमोट धरून लोटूआप्पा.

केयूरची गाडी सुटलीच नाही. बाकीचे सात जण सुटले. लोटूआप्पाची गाडी सुई-दोऱ्यासारखी नीट चालली, कुठे खडखड नाही, कुठे डुगडुग नाही. अडचण गाडीची नव्हतीच. वळणावर त्याची बोटं घाबरायची. उंचवट्यावर तो उशिरा सावरायचा. दोनदा गाडी मातीच्या बांधावर चढली, एकदा उलटली. दर वेळी तो वरून "अरेरेरे!" ओरडायचा, आणि खाली सरलाबाई पदर तोंडात कोंबून हसायची. शर्यत संपली तेव्हा तो सहावा होता. सातव्याची बॅटरी वाटेतच संपली होती.

लोटूआप्पा घामाघूम होऊन, दात दाखवत खाली उतरला. गोपालभाईचा राग एव्हाना ओसरला होता. त्याने खांद्यावर हात ठेवला. माणूस वाईट नव्हता, आणि बोलला तेही खोटं नव्हतं.

"काका, बुरा मत मानना. गाड़ी बनाने में आपके जैसा सूरत में कोई नहीं. लेकिन चलाते आप एकदम ख़राब हो. जो अच्छा आता है, वो करो ना."

लोटूआप्पा ब्रशने चाकांतली काळी माती झाडत होता.

"अच्छा वाला तो इकतीस साल सेठ को दिया, गोपालभाई," तो म्हणाला. "ये ख़राब वाला मेरा है."

मग त्याने दुसरी बॅटरी लावली, कारण जेवणानंतर दुसरी फेरी होती. सरलाबाईने डबा उघडून भाकरी पुढे केली, ती त्याने उभ्या उभ्याच खाल्ली आणि पुन्हा शिडी चढला. दुसऱ्या फेरीत तो शेवटचा आला.