खंडेनवमी आणि कक्षेतला दिवा

पेटीतला दिवा विझला होता. पेटीला हळद-कुंकू, वर झेंडूचा हार, समोर फोडलेला नारळ.

खंडेनवमीची दुपार. सुट्टी असूनही मी नाशिकच्या आमच्या प्रयोगशाळेत रीडिंग घ्यायला आलो होतो. त्या पेटीत नामपूरच्या बियाण्याची कांद्याची रोपं होती. अगदी तशीच पेटी संशोधनासाठी गेलेल्या अंतराळवीरांबरोबर पृथ्वीभोवती फिरत होती. आमची पेटी म्हणजे कंट्रोल. ऊब, पाणी, उजेड दोन्हीकडे सारखा ठेवायचा. मग रोपांत दिसेल तो फरक गुरुत्वाकर्षणाचा.

दिवा लावला आणि आमचे अटेंडंट वाघमामा यांना विचारलं. पूजेसाठी त्यांनी सकाळीच मेन स्विच बंद केला होता, आणि यूपीएस ओरडायला लागला म्हणून तोही.

“सर, चालू मशीनची पूजा करतात का? वर्षातून एक दिवस तिलाही विसावा. संध्याकाळी लावणारच होतो.”

सहा तास अंधार. मी बंगळुरूला प्रयोगाच्या प्रमुख शिंदे मॅडमना फोन केला. त्यांनी त्याच लॉटचं बियाणं उरलंय का विचारलं. नव्हतं.

“मग वरचाही दिवा सहा तास बंद करावा लागेल,” त्या म्हणाल्या.

जमिनीवर रोपाला अंधारातही वर-खाली कळतं. कक्षेत वजन जाणवत नाही. तिथं दिवा असेल तीच वरची बाजू. तो गेला तर रोपं कुठंही वळतील. यान परतायला थोडेच दिवस उरले होते, नवी लावण शक्य नव्हती.

परवानगी मागताना कारण काय देऊ, असं मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, खरं तेच द्या.

संध्याकाळी त्यांनी वरचा निरोप कळवला. “दिवा बंद केलाय. नारळ नाही, क्षमस्व.”

मला हसू आलं नाही. मामा घरी गेले नाहीत.

“वरची रोपं मेली तर?” त्यांनी विचारलं.

पहिला फोटो आला. रोपं वेडीवाकडी झाली होती, एक तर मुळांकडेच वळलेलं. दिवा लागल्यावर हळूहळू बहुतेक उजेडाकडे फिरली. दोन मेली. तुलना टिकली. दोन्हीकडच्या अंधाराच्या वेळा जुळत नव्हत्या, तेही अहवालात लिहिलं.

कंट्रोल म्हणजे काय, हे आम्ही भेट देणाऱ्या प्रत्येक पाहुण्याला समजावलं होतं. पेटी रोज पुसणाऱ्या माणसाला नाही.

यंदाही पूजा झाली, चालू यंत्राची. हार मामांनी स्विचला घातला.