अण्णाच्या वाट्याची साखर

आमच्या रेशनकार्डावर सहा माणसं होती आणि घरात पाच. सहावा माझा थोरला भाऊ. त्याला आम्ही अण्णा म्हणतो. सोलापुरात गिरणीत फिटर होता, तिथून कुवेतला एका तेलाच्या कारखान्यात गेला, त्याला दोन वर्षं होत आली होती. तो गेल्याचं सगळ्या पेठेला माहीत होतं. पोस्टमनला माहीत होतं, बँकेला माहीत होतं, रेशन दुकानदाराला तर पहिल्या दिवसापासून माहीत होतं. फक्त कार्डाला माहीत नव्हतं. त्यामुळे दर महिन्याला अण्णाच्या वाट्याची साखर घरी येत असे आणि ती आम्ही खात असू.

हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच दिवसांत मी बोगस रेशनकार्डांविरुद्ध पत्रकं लिहीत होतो.

आमचा दहा-बारा जणांचा गट होता आणि उसनं आणलेलं एक सायक्लोस्टाइल मशीन. शाई हाताला लागायची ती आठवडाभर निघायची नाही, आणि आम्हाला ती निघायला नकोच असायची. 'जो गावात नाही, त्याची साखर कोण खातो?' हे शीर्षक माझं. खाली लिहिलं होतं की मेलेल्यांच्या, सासरी गेलेल्या मुलींच्या आणि परगावी गेलेल्यांच्या नावावर साखर उचलणारे हे गरिबाच्या घरात शिरलेले चोर आहेत. 'चोर' हा शब्द मी मोठ्या अक्षरांत काढला होता. तो काढता काढता चहा मागितला. अव्वानं दिला. अव्वा म्हणजे आमची आई. चहा गोड होता.

अण्णाचे पैसे पेठेतल्या एका सहकारी बँकेत मुदत ठेवीत होते. गिरणी सोडताना मिळालेला फंड होता आणि तिकडून यायचं त्याची भर. कुंभारीच्या रस्त्याला शेड टाकायची, दोन यंत्रमाग बसवायचे आणि आणखी वर्षभरात कायमचं परत यायचं, असं ठरलेलं होतं. मागांचा विसारसुद्धा दिला होता. वहिनी आणि त्यांची मुलगी आमच्याकडेच होत्या. अण्णा गेला तेव्हा ही मुलगी रांगत होती. आता ती त्याच्या फोटोला बोट लावून 'कुवेत' म्हणायची. तिला वाटायचं, वडलांचं नावच ते.

अशात अण्णाचं पत्र आलं. ठेवीच्या व्याजावर कर लागतो म्हणे, लागत असेल तर अप्पांनी भरून टाकावा, परत येताना मागं लचांड नको. एवढंच.

मी ते घरात दोनदा मोठ्यानं वाचलं. आमच्या पेठेत सुताचा साठा मेव्हण्याच्या नावावर, दुकान बायकोच्या नावावर आणि नफा कुणाच्याच नावावर नाही, अशी पद्धत. तिथं एक फिटर वाळवंटातून लिहितो की माझ्या व्याजावर कर भरा. मी तर त्यावर पत्रक काढायच्या बेतात होतो.

दुसऱ्या दिवशी अप्पा आणि मी आयकर कचेरीत गेलो. अप्पा म्हणजे वडील, गिरणीतून निवृत्त झालेले जॉबर, म्हणजे मागांवरचे मुकादम. माग कुठं अडला ते आवाजावरून सांगत. कचेरीचं त्यांना तेवढं कळत नसे. एकच गोष्ट ते पक्की धरून होते: कुठल्याही सरकारी कामाला जाताना रेशनकार्ड जवळ पाहिजे. दवाखान्यात जाताना, वीजबिलाची तक्रार करताना, एकदा तर हरवलेली सायकल शोधायला पोलीस चौकीत जाताना त्यांनी कार्ड नेलं होतं. आताही प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून सदऱ्याच्या आत ठेवलेलं होतं. मला ते दिसलं होतं. पण माझ्या डोक्यात पत्रकाचं शीर्षक चाललं होतं.

कारकून मध्यमवयीन, चष्मा कपाळावर. माणूस बरा होता. अण्णाचं पत्र त्यानं नीट वाचलं आणि म्हणाला, "असं पत्र मी नोकरीत पहिल्यांदा बघतोय. सोपं काम आहे. माणूस परदेशी राहणारा असला तर फक्त इथल्या व्याजावर कर. चलन भरा, मोकळे व्हा."

"आणि इथं राहणारा असला तर?" मी उगाच विचारलं.

"तर मग जगात कुठंही मिळवलेलं सगळं धरायचं. कुवेतचा पगारसुद्धा. पण ते कशाला, हे तर तिकडंच आहेत ना?"

इथं अप्पांना काय वाटलं कोण जाणे. आपला मुलगा घर सोडून पळालेला आहे असा ह्या माणसाचा समज होतोय, असं वाटलं असावं. त्यांनी सदऱ्यात हात घातला.

"साहेब, पोटासाठी गेलाय. घर त्येचं हितंच हाय. हे बघा की, सरकारी कागद हाय."

कारकुनानं चष्मा डोळ्यांवर ओढला. कार्ड उघडलं. नावं मोजली. मग पान उलटून महिन्याचे शिक्के बघितले.

"हे तर इथंच राहतात की," तो म्हणाला. "गेल्याच महिन्यात साखर नेलीय."

"व्हय, दर महिन्याला नेतो," अप्पा अभिमानानं म्हणाले. "एक महिना चुकलेला न्हाय."

मी मध्ये पडलो. पासपोर्टवर शिक्के आहेत, दोन वर्षांत अण्णा गावात पाऊल टाकायला आलेला नाही, हा निव्वळ तांत्रिक मुद्दा आहे, वगैरे. मला बोलता येतं. चौकात उभं राहून बोलायची सवय आहे.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. "पासपोर्ट म्हणतो माणूस तिकडं. कार्ड म्हणतं माणूस इकडं. दोन्ही सरकारचेच कागद. मी कुठल्या सरकारचं ऐकू?" मग माझ्याकडे जरा निरखून बघत म्हणाला, "तुम्ही तेच ना, रेशन दुकानासमोर पत्रकं वाटत होता? आमच्या घरी आहे एक. चांगलं लिहिता."

माझी बोटं अजून काळी होती. मी ती खिशात घातली.

"नाव कमी करून आणा," तो हळू आवाजात म्हणाला. "पुरवठा कचेरीतून तसा दाखला घ्या. पासपोर्टच्या पानांची नक्कल वकिलातीचा शिक्का मारून मागवा. मग फक्त व्याजाचं बघू. नाहीतर साहेब पगार धरतील, आणि मला काही म्हणता येणार नाही."

पगार धरला तर मागांचे पैसे करात जाणार, विसार बुडणार आणि अण्णा आणखी दोन-तीन वर्षं वाळूत. हे घरी सांगितलं तेव्हा वहिनी मुलीला घेऊन आत गेल्या. अव्वा म्हणाली,

"नाव काढायचं न्हाय."

आमच्या घरात कार्डावरून नाव एकदाच कमी झालेलं होतं, आजोबा गेले तेव्हा. त्या नावावर मारलेली लाल रेघ अव्वा अजून बघायची नाही. कार्ड हातात घेतलं की त्या ओळीवर अंगठा ठेवायची.

मी तिला कायदा समजावला. मग तत्त्व समजावलं. जो इथं नाही, त्याच्या नावावर साखर खाणं ही चोरी आहे, असंही म्हणालो.

"खाल्ली कुणी?" अव्वा म्हणाली. "तुझे अप्पा बिनसाखरेचा पितात, वहिनीबी तसाच. मी चहाच पीत न्हाय. पोरगी खाती चिमूटभर. बाकी कोण ऱ्हायलं, तूच सांग की, तम्मा. त्येची साखर खाऊन त्येच्यावरच लिवतोस."

तम्मा म्हणजे धाकटा भाऊ; घरात मला तसंच म्हणत.

तिसऱ्या दिवशी मुलगी फोटोपुढं उभी राहून 'कुवेत, कुवेत' करत होती. अव्वानं तिला उचलून कडेवर घेतलं आणि मला म्हणाली, "चल, कुटं हाय तुझी ती कचेरी."

पुरवठा कचेरीतल्या बाबूनं मान वर न करता विचारलं, "नाव कमी? मृत्यूचा दाखला?"

"मेला न्हाय," अव्वा म्हणाली. "कुवेतला हाय. साखर बंद कर, माणूस चालू ठेव."

बाबूनं मान वर केली. नाव वाढवायला लोक येतात, मेलेल्याचं नाव चालू ठेवायला येतात, पण जिवंत माणसाची साखर परत करायला कुणी येत नाही. त्याला आमचाच संशय आला. तो आत जाऊन साहेबाला विचारून आला. साहेबानं विचारलं, दोन वर्षं उचललेल्या साखरेचं काय? मग मी कबुलीचा अर्ज लिहिला. माझं अक्षर चांगलं आहे. दंड भरला, दाखला मिळाला आणि अण्णाच्या नावावर लाल रेघ पडली. आम्ही बघत असतानाच पडली. अव्वानं कार्ड घेतलं आणि अंगठा त्या ओळीवर ठेवला. पण आता ओळी दोन होत्या आणि एक अंगठा पुरत नव्हता.

अण्णाकडून नक्कल आली. अप्पांनी व्याजावरचा कर भरला. पगार सुटला.

गटाच्या बैठकीत मी सांगितलं, पुढच्या पत्रकात पहिलं उदाहरण आमच्या घराचं घ्या. सगळ्यांनी कौतुक केलं आणि नको म्हणाले. परिणाम कमी होतो म्हणे. शेवटी एका धान्याच्या व्यापाऱ्याचं उदाहरण घेतलं. त्याच्या घरी किती माणसं होती, हे आमच्यापैकी एकालाही माहीत नव्हतं. शीर्षक त्यांनी माझ्याकडूनच लिहून घेतलं, आणि मी लिहून दिलं.

वर्षभरानं अण्णा आला. रजेवर, महिनाभर. शेड उभी करून माग बसवायचे, एक शेवटची खेप करायची आणि यायचं. त्याला भेटायला इतकी माणसं आली की पाच जणांची साखर आठ दिवसांत संपली. खुल्या बाजारात साखर होती, पण तिचा भाव ऐकून अप्पा रिकाम्या पिशवीनं परत आले. नवव्या दिवशी अव्वानं अण्णापुढं चहा ठेवला.

अण्णानं घोट घेतला. "गुळाचा?"

"साखर संपली."

"घरात मी आलोय आणि साखर न्हाय?"

"तू कुटं आलाईस," अव्वा म्हणाली. "कार्डावर न्हाईस तू. सरकारी हिशेबानं अजून तिकडंच हाईस."

"कर तर हितं भरतोय की मी."

"भर. कर घ्यायला तू दिसतोस त्यांना. साखर द्यायला दिसत न्हाईस. गप पी."

एवढं सुटसुटीत वाक्य मला तीन पत्रकांत जमलेलं नव्हतं. मी ते तिथंच एका पत्राच्या पाकिटामागं उतरवून घेत होतो. अव्वानं माझा कप पुढं सरकवला आणि म्हणाली, "तुझ्यात गूळबी घातलेला न्हाय. लिव आता."